कॅल्शियम नॉर्मल होतं, तरी हाडं भरत नव्हती

२७ सप्टेंबर २०२३ ला आमच्या लेकीच्या फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं, ‘ऑस्टिओपेनिया ऑफ प्रीमॅच्युरिटी’, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या हाडांत खनिजं कमी असणं. त्या रात्री एनआयसीयूबाहेरच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या, बाकावर बसून मी मोबाइलवर ‘ऑस्टिओपेनिया’ शोधलं. मराठीत जे सापडलं ते सगळं पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांबद्दल होतं. दीड महिन्याच्या, जेमतेम किलोभर वजनाच्या बाळाबद्दल एक ओळही मिळाली नाही. आता लेक घरी आहे, रिपोर्ट ताळ्यावर आलेत आणि मला जरा बसून लिहायला वेळ मिळतोय. आज कुणी त्या बाकावर बसलं असेल, त्याच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते.

आम्ही सिन्नरचे. बीपी वाढलं म्हणून मला ९ ऑगस्टला नाशिकला हलवलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली आणि ११ ऑगस्टला सिझर झालं. सत्तावीस आठवडे भरलेले, वजन ८४० ग्रॅम. ती माझ्या तळहाताहून थोडीच लांब होती. नऊ दिवस व्हेंटिलेटर, मग नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप. पहिले दोन आठवडे बहुतेक पोषण शिरेतून, ज्याला तिथे सगळे टीपीएन म्हणतात. नळीतून माझं दूध सुरू झालं ते दर दोन तासांनी एक मिलीने. मध्ये दोनदा पोट फुगलं, दोनदा फीड बंद करावं लागलं. पूर्ण फीडवर यायला जवळजवळ महिना गेला.

हे सांगते, कारण पुढचं सगळं यातूनच आलं. बाळाच्या हाडांतलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम आणि फॉस्फरस गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून बाळात जातं. माझ्या लेकीला त्यातला बहुतेक काळ मिळालाच नाही. वर लांबलेलं टीपीएन, श्वासासाठी कॅफिन, फुप्फुसात पाणी साठू नये म्हणून लॅसिक्स. लॅसिक्समुळे लघवीवाटे कॅल्शियम जातं. यातलं एकही औषध टाळण्यासारखं नव्हतं, हे मी आज समजून सांगू शकते. तेव्हा मात्र ‘हाडं’ हा शब्द माझ्या डोक्यातही नव्हता. माझं सगळं लक्ष मॉनिटरवरच्या सॅच्युरेशनच्या आकड्यावर असायचं.

आमच्या वॉर्डात चार आठवड्यांच्या झालेल्या छोट्या बाळांची ‘हाडांची तपासणी’ होते. त्यात कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे एएलपी, असे तीन आकडे. हाडांत उलाढाल वाढली की हे एएलपी रक्तात वाढतं. तेव्हा खर्च आला साधारण ६५० रुपये. लेकीची ती तपासणी ८ सप्टेंबरला झाली. टाचेला टोचून थेंब थेंब रक्त नळीत घेताना सिस्टरांना टाच बरीच दाबावी लागली. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ९.६, फॉस्फरस ५.२, एएलपी ५८८ आलं आणि खाली बारीक अक्षरात ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असा शेरा होता. म्हणजे रक्तातल्या पेशी फुटल्या होत्या. पेशींच्या आतलं फॉस्फरस अशा वेळी बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढलेला दिसतो. डॉक्टरांनी ‘रिपीट’ लिहिलं. त्याच संध्याकाळी लेकीचं पोट फुगलं, फीड बंद झालं, अँटिबायोटिक सुरू झाली, आणि पुढचे दोन आठवडे त्यातच गेले. फेरतपासणी राहून गेली. मी विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. तुमच्या रिपोर्टखाली असा शेरा दिसला तर दुसऱ्या दिवशीच्या राउंडला विचारा, की पुन्हा कधी घेणार.

२२ सप्टेंबरला, सहा आठवड्यांनी, पुन्हा रक्त घेतलं. घरी गौरीपूजन होतं. सासूबाई नैवेद्य दाखवून संध्याकाळच्या एसटीने पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या. आम्ही दोघी जिन्यात बसून जेवत होतो तेव्हा ह्यांच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. एएलपी १,०१२. ठळक अक्षरात, पुढे चांदणी, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर असल्याची खूण. शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा १२०. माझा घास हातातच राहिला. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, कॅल्शियम ९.८ आहे, नॉर्मल आहे, सकाळी मोठ्या डॉक्टर मॅडम बघतील.

सकाळी मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि पेनाने गोल केला तो तिसऱ्याच आकड्याभोवती. फॉस्फरस ३.१. त्याच्यापुढे चांदणी नव्हती, अक्षर ठळक नव्हतं. लॅबने छापलेल्या मर्यादेत, २.५ ते ४.५ च्या मध्ये, तो नीट बसत होता. मॅडम म्हणाल्या, “ही मर्यादा तुमच्या-माझ्यासाठी आहे. हिच्या वयाला फॉस्फरस ४ च्या खाली गेलं की आम्ही थांबून बघतो.” एएलपीचंही तसंच. वाढत्या बाळाचं एएलपी मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त असतंच, त्यामुळे १२० ची मर्यादा तिला लागू नाही. पाचशेच्या पुढे गेलं की लक्ष ठेवायचं, आठशे-हजारापर्यंत गेलं की एक्स-रे काढायचा. आणि कॅल्शियम? ते शेवटपर्यंत नॉर्मल राहू शकतं, कारण रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढत राहतं. “रक्तातलं बघून हाडांत किती आहे ते कळत नाही,” एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. लॅबच्या कागदावरची चांदणी कुठल्या वयाच्या माणसाच्या मर्यादेवरून पडली आहे ते आधी विचारा. आमच्या कागदावर खरा बिघडलेला आकडा बिनचांदणीचा होता.

पुढचे चार दिवस तपासण्यांचे. एएलपी लिव्हरमधूनही वाढू शकतं आणि टीपीएनवर राहिलेल्या बाळांना कावीळ होते, म्हणून बिलिरुबिन आणि लिव्हरच्या टेस्ट झाल्या. त्या ठीक होत्या. मग पॅराथायरॉइड हार्मोन, पीटीएच. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की हे वाढतं आणि हाडांतून कॅल्शियम काढायला लावतं. त्याचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला पाठवावं लागलं. खर्च १,४०० रुपये. शनिवारी दिलं, मध्ये रविवार, रिपोर्ट सोमवारी रात्री. व्हिटॅमिन डीचे १,३०० वेगळे. मी प्रत्येक वेळी ‘रक्त किती काढणार’ म्हणून विचारायचे. सिस्टरांना कदाचित त्रास झाला असेल, पण १,०८० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं शंभर मिलीच्या आत. एकदा रक्त चढवून झालं होतं. त्यांनी शेवटी सगळ्या टेस्ट एकाच टोचणीत बसवल्या. तुम्हीही तशी विनंती करून बघा, शक्य असेल तर ऐकतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो लघवीने. लघवीतलं आणि रक्तातलं फॉस्फरस, क्रिएटिनीन जवळपास एकाच वेळचं हवं होतं. त्यावरून मूत्रपिंडं फॉस्फरस किती परत शोषून घेतात ते काढतात. चिकटपट्टीची एवढीशी पिशवी लावायची आणि वाट बघायची. पहिल्यांदा पिशवी सुटली. दुसऱ्यांदा शी मिसळली. तिसऱ्या वेळी मी आणि सिस्टर पेटीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. पावणेतीन तासांनी पिशवीच्या तळाशी चमचाभर पिवळसर पाणी दिसलं आणि सिस्टरांनी माझ्याकडे बघून हळूच अंगठा वर केला.

उत्तर आलं ९७ टक्के. मॅडमनी ते असं समजावलं की घरात पैसा नसला की माणूस पै न् पै धरून ठेवतो, तशी हिची मूत्रपिंडं फॉस्फरसचा कण सोडत नाहीयेत. पीटीएच वाढलेलं नव्हतं. कॅल्शियमची तूट मुख्य असती तर ते वाढलं असतं आणि फॉस्फरस लघवीतून वाहून गेलं असतं. म्हणजे आमच्याकडे मोठी तूट फॉस्फरसची होती. हा फरक काढणं का गरजेचं, तर नुसतं फॉस्फरस किंवा नुसतं कॅल्शियम आंधळेपणाने वाढवलं तर दुसरं बिघडू शकतं. व्हिटॅमिन डी २२ होतं, फार वाईट नाही.

एक्स-रे २५ तारखेला झाला. मशीन वॉर्डातच आणलं, ८०० रुपये. एक मनगटाचा, आणि छातीचा तसाही काढायचाच होता. मॅडमनी तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. शेजारी दुसऱ्या, पूर्ण दिवसांच्या बाळाचा जुना एक्स-रे धरला होता. त्या बाळाची हाडं खडूने ओढल्यासारखी. माझ्या लेकीची, तीच रेघ ओल्या बोटाने पुसल्यासारखी. मनगटाजवळ हाडाचं टोक सरळ असायला हवं ते वाटीसारखं खोलगट आणि कडा विसविशीत. असं एक्स-रेत दिसायला लागेपर्यंत हाडातला बराच, वीस ते चाळीस टक्के, खनिज भाग कमी झालेला असतो. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी रक्ताचे आकडे बघायचे थांबवत नाहीत.

आणि छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूच्या सातव्या बरगडीवर एक गाठ. भरत आलेलं फ्रॅक्चर.

मी कुणालाही न सांगता बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाच्या हातून झालं? मी कांगारू घेताना, म्हणजे तिला उघड्या छातीशी धरताना, जोरात धरलं होतं का? मॅडमनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं, की इतकी ठिसूळ बरगडी रोजच्या साध्या हाताळणीतही चिरते, त्यात कुणा एकाचा हात शोधू नका, ती भरत आलीय हे बघा. त्यांनी आणखी एक केलं. फ्रॅक्चरची तारीख, जागा आणि कारण डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं. पुढे दुसरीकडे कुठे एक्स-रे काढला आणि जुनी मोड दिसली तर आईबापांकडे संशयाने बघितलं जाऊ नये म्हणून. हे तुम्हीही मागून घ्या.

माझ्या मनात दुसरा सल होता तो दुधाचा. माझंच दूध कमी सत्त्वाचं का? मॅडमनी त्याच रिपोर्टच्या पाठीवर हिशेब मांडला. पोटात असती तर या वजनाच्या बाळाला दिवसाला ११० ते १४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळालं असतं. आता ती दिवसाला १६० मिली दूध घेते. शंभर मिली आईच्या दुधात कॅल्शियम साधारण २५ मिलिग्रॅम, म्हणजे झालं ४०. फॉस्फरस त्याहून कमी. “हे कुठल्याही आईच्या दुधाचं गणित आहे,” त्या म्हणाल्या, “आईचं दूध नऊ महिने भरलेल्या बाळासाठी बनलेलं आहे. तुमचं दूध सोडायचं नाही, त्यात भर घालायची.” तो कागद मी जपून ठेवलाय. त्यानंतर पंपावर बसताना मला पहिल्यासारखं अपराधी वाटलं नाही.

भर म्हणजे फॉर्टिफायरची, आईच्या दुधात मिसळायच्या पोषक पावडरची, पुडी. ती आधी सुरू करून पोट फुगल्यामुळे थांबवली होती. आता अर्ध्या प्रमाणात पुन्हा सुरू केली, मग पाच दिवसांनी पूर्ण, आमच्या वॉर्डाच्या हिशेबाने २५ मिली दुधाला एक पुडी. फॉस्फेट वेगळं, पाण्यात विरघळवून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कॅल्शियमचं सिरप दुसऱ्या फीडला, कारण दोन्ही एकत्र आले तर साका होऊन दोन्ही वाया जातात. लोहाचे थेंब कॅल्शियमपासून लांब. व्हिटॅमिन डी रोज. लॅसिक्स बंद करून दुसरं औषध दिलं, ज्यात कॅल्शियम लघवीतून जात नाही, आणि मूत्रपिंडात खडे किंवा चुना साठलेला नाही ना यासाठी सोनोग्राफी केली. मी वहीत चोवीस तासांचा तक्ता आखला आणि हे पेनाने, मी पेन्सिलने खुणा करायचो. घरी आल्यावर हाच तक्ता फ्रिजवर लागला.

पेटीवर एक कागद चिकटला, ‘हाडं नाजूक, जपून हाताळा’. सिस्टरांनी मला लंगोट बदलायला नव्याने शिकवलं. दोन्ही पाय घोट्याला धरून वर उचलायचे नाहीत. एक हात कमरेखाली सरकवायचा, सगळं अंग किंचित एका बाजूला वळवायचं, लंगोट खालून ओढून घ्यायचा. काखेत धरून उचलायचं नाही. कांगारू मात्र चालू ठेवलं. फिजिओथेरपिस्ट रोज पाच-दहा मिनिटं प्रत्येक सांधा अलगद वाकवून सरळ करायच्या. नुसतं पडून राहिलं तर हाड भरत नाही, त्याला थोडी हालचाल लागतेच. पण ते शिकलेल्या हाताने, एक्स-रे बघूनच. स्वतःहून घरी सुरू करू नका.

खरी परीक्षा घरच्यांना समजावण्याची होती. सासूबाईंनी बाळाला न्हाऊ घालायला मावशी ठरवून ठेवल्या होत्या. पायावर घेऊन तेलाने रगडून चोळल्याशिवाय हाडं मजबूत कशी होणार, हा त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. माझ्या नवऱ्यालाही असंच चोळून वाढवलंय. मी वाद घातला नाही. त्यांना मॅडमकडे घेऊन गेले आणि तो एक्स-रे दाखवायला सांगितला. बरगडीवरची गाठ त्यांनी स्वतः बोटाने चाचपल्यासारखी पाहिली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “मावशीला मी फोन करते, आत्ता नको म्हणून.” कोवळ्या उन्हाबद्दलही त्यांनी विचारलं होतं. ऊन चांगलंच, पण उन्हातून फॉस्फरस मिळत नाही, असं मॅडमनी सांगितलं. हे काम डॉक्टरांच्या तोंडून करून घ्या. सुनेने सांगितलं तर घरात तेढ येते.

६ ऑक्टोबरचा रिपोर्ट आला आणि मी हादरले. एएलपी १,०६०, म्हणजे वाढलेलं. फॉस्फरस मात्र ३.९. मॅडम शांत होत्या. हाड भरायला लागलं की एएलपी काही दिवस चढू शकतं, फॉस्फरस वर येतंय तेच बघायचं. २० ऑक्टोबरला ८४२ आणि ४.८. त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

२७ ऑक्टोबरला घरी सोडलं. वजन १,९४० ग्रॅम, एकूण सत्त्याहत्तर दिवस. पैशांचं लिहिते, कारण हे कुणी लिहीत नाही. सुरुवातीला व्हेंटिलेटरवर रोजचे १४,००० च्या आसपास, शेवटी ६,०००. एकूण बिल ७ लाख ९० हजार. ह्यांच्या कंपनीचा ग्रुप विमा ३ लाखांचा, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर. पण बाळाचं नाव पॉलिसीत घालायला जन्मदाखला लागला. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत होते ना ते बघा. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवून दाखला मिळतो, वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. आम्ही बारशाची वाट बघत आठवडा घालवला, तो उगाच. विमावाल्यांनी फॉर्टिफायर आणि सिरप ‘पोषण पूरक’ म्हणून कापले होते. मॅडमनी ‘आजाराचा उपचार म्हणून दिलेले’ असं लेटरहेडवर लिहून, एक्स-रेचा रिपोर्ट जोडून दिला, तेव्हा त्यातले काही मिळाले. उरलेल्यासाठी माझे दागिने आणि भावाकडून उसने. हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का, धर्मादाय ट्रस्टचं असेल तर सवलतीच्या खाटा आहेत का, हे पहिल्या दिवशी विचारा. सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात उपचार मोफत असतात, जागा असेल तर तेही बघा. आम्ही हे सगळं विचारलं ते सहाव्या आठवड्यात.

माझी ड्यू डेट १० नोव्हेंबर होती, धनत्रयोदशी. त्याच दिवशी तपासणी होती. एएलपी ६१०, फॉस्फरस ५.४. ८ डिसेंबरला ४२० आणि ५.९, फॉस्फेट बंद. त्यानंतर १२ जानेवारी २०२४ ला ३४०, आणि मनगटाचा नवा एक्स-रे. हाडाचं टोक सरळ, रेघ खडूसारखी. बरगडीवरची गाठ जवळजवळ दिसेनाशी. कॅल्शियमचं सिरपही थांबलं, व्हिटॅमिन डी चालू. त्या दिवशी मॅडमनी तेल लावायला परवानगी दिली, दाब न देता, नुसतं हात फिरवून. सासूबाईंनी परतीच्या गाडीतच विचारलं, खोबरेल चालेल ना.

रिपोर्ट सगळे तारखेनुसार एका फाइलमध्ये लावलेत. प्रत्येकावर त्या दिवशीचं वजन आणि आठवडे पेनाने लिहिलेत, कारण नुसत्या आकड्यावरून दुसऱ्या डॉक्टरांना काही कळत नाही, हे सिन्नरच्या डॉक्टरांकडे सर्दीसाठी गेले तेव्हा लक्षात आलं. पुढची भेट मार्च २०२४ मध्ये ठरली, वाढ आणि कानाच्या तपासणीसाठी. रक्त काढायचं नव्हतं.